हिरवळीतील उघड्या आणि तणाळलेल्या जागांची दुरुस्ती : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

हिरवळीत एखादी जागा उघडी पडली, की बहुतेकांचा हात आधी बियाण्याच्या पिशवीकडे जातो. बी टाकले जाते, दोन आठवडे नेमाने पाणी घातले जाते, कोवळे कोंबही दिसू लागतात, आणि दोन-तीन महिन्यांत ती जागा पुन्हा होती तशी उघडी होते. फरक पडलाच तर इतकाच, की आता तिच्यात पूर्वीपेक्षा जास्त तण असते. ज्या कारणाने पहिले गवत गेले ते कारण जागच्या जागी राहिलेले असते, म्हणून असे होते. तणाचेही बरेचसे असेच आहे. दाट वाढलेल्या गवताखाली तणाच्या बियांपर्यंत ऊन पोचत नाही आणि त्यांतल्या बहुतेक नुसत्या पडून राहतात. गवत विरळ झाले की त्या रुजतात. तेव्हा तण हे गवत मरण्याचे कारण क्वचितच असते, बहुधा तो परिणाम असतो. म्हणून कामाचा क्रम आधी कारण, मग तण, मग माती आणि सर्वांत शेवटी बी किंवा लावण असा ठेवावा. बी टाकायला दहा मिनिटे लागतात. खरी मेहनत त्याच्या आधीची आणि नंतरची आहे.

कारण शोधणे

पहिली परीक्षा मातीच्या घट्टपणाची. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा आणि आदल्या दिवशी पाणी दिलेल्या हिरवळीत, चांगल्या गवताच्या जागी आणि उघड्या जागी, तो आळीपाळीने हाताने दाबून पाहावा. चांगल्या जागी तो मुठीपर्यंत सहज आत जातो आणि उघड्या जागी दोन-तीन सेंटिमीटरवर अडतो, असे दिसले तर माती दबली आहे हे निश्चित समजावे. फाटकापासून दारापर्यंतची आडवाट, झोपाळ्याखालची जागा, वाहन वळवताना चाक चढते तो कोपरा, अशा ठिकाणी हे हमखास आढळते. तणही याची साक्ष देते. नाचणीच्या जातकुळीतले, जमिनीलगत चक्रासारखे पसरणारे आणि बुडाशी पांढुरके असणारे एक रानगवत अशा दबलेल्या मातीत जोमाने वाढते. मात्र स्क्रू-ड्रायव्हर एकाच ठिकाणी खट्‌कन अडला आणि हातभर बाजूला सहज गेला, तर खाली विटेचा किंवा काँक्रीटचा तुकडा असण्याची शक्यता मोठी. नव्या घरांच्या अंगणात बांधकामाचा राडारोडा वीतभर मातीखाली दडपलेला असतो, आणि त्यावरचे गवत उन्हाळा आला की सगळ्यांत आधी सुकते.

दुसरी परीक्षा ओढून पाहण्याची. उघड्या जागेच्या कडेचे पिवळे पडलेले गवत मुठीत धरून हलकेच वर ओढावे. ते चटईसारखे अलगद उचलले गेले आणि खाली मुळेच उरलेली नसली, तर मुळे खाणारी हुमणी असल्याचा संशय घ्यावा. खात्री करण्यासाठी पिवळ्या आणि हिरव्या गवताच्या सीमेवर साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाच्या तीन बाजू फावड्याने कापाव्यात, तो तुकडा झाकणासारखा उलटा करावा आणि पाच-सात सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती हाताने चाळावी. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या अंगाच्या आणि तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसतील. दोन-चार अळ्या निरोगी हिरवळ सहन करते. तेवढ्या जागेत दहाच्या आसपास किंवा त्याहून जास्त निघाल्या, तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. तपासून झाल्यावर तुकडा पुन्हा बसवून, दाबून पाणी दिले तर तो बहुधा जगतो.

कुत्र्याच्या मूत्राचा डाग लांबूनही ओळखू येतो. मध्ये जळालेले गवत आणि भोवती गडद हिरव्या, भराभर वाढणाऱ्या गवताचे कडे, असे त्याचे रूप असते. मध्यभागी नत्र आणि क्षार अतिरेकी होऊन गवत जळते, तर कडेला तेच नत्र सौम्य होऊन खताचे काम करते. इथे उपाय पाण्याचा आहे. त्या जागेत चार-पाच झाऱ्या पाणी सावकाश मुरवले, की क्षार खाली धुऊन जातात.

सावलीचा अंदाज मात्र डोळ्यांना नीट येत नाही, म्हणून एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळपासून तासातासाने त्या जागेवर ऊन आहे की नाही याची नोंद करावी. हरळीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. तीन-चार तासांवर ती विरळ होत जाते आणि तिच्या जागी शेवाळ येते. पाणी साचणे, यंत्राने गवत मुळापर्यंत खरवडले जाणे, यंत्रातून पेट्रोल सांडणे, एकाच जागी खताचा ढीग पडणे, ही बाकीची कारणे आठवणीवर थोडा ताण दिला की सापडतात. वाटोळे, कडेला धुरकट दिसणारे तपकिरी डाग वाढत जात असतील तर बुरशी आहे. पाने रात्रभर ओली राहिली की तिला फावते, म्हणून संध्याकाळचे पाणी बंद करून ते पहाटे किंवा सकाळी द्यावे.

तण काढणे

सगळे तण एकच समजून खुरपे चालवणे ही नवख्यांची सवय असते. काही तणांना त्याने उलट मदतच होते, म्हणून उपटण्याआधी तण कसले आहे ते पाहावे.

रुंद पानाची वर्षायू, म्हणजे वर्षभरातच जीवनक्रम संपवणारी, तणे सोपी असतात. माती ओलसर असताना ती मुळासकट उपटावीत, आणि बी धरण्याआधी उपटावीत, एवढेच पथ्य. घोळ उपटून तिथेच टाकू नये, कारण तिच्या मांसल खोडाचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी पुन्हा मूळ धरतो. आंबुशीच्या शेंगा पिकल्यावर हात लागताच फुटतात आणि बी दूरवर उडवतात. तेव्हा ती पिवळ्या फुलावर असतानाच काढावी. तीन पानांचा पांढरा क्लोव्हर हिरवळीत पसरत असेल तर मातीत नत्र कमी पडत असल्याचे ते चिन्ह असू शकते. तो स्वतः हवेतले नत्र मुळांतल्या गाठींत बांधून घेतो, म्हणून उपाशी मातीत तो गवतावर मात करतो.

लव्हाळ्याचा, म्हणजेच नागरमोथ्याचा, प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेळ दिलाच पाहिजे. तो दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. त्याची दांडी बोटांत धरून फिरवली की तीन धारा लागतात, तर गवताची काडी गोल किंवा चपटी असते. दांडी ओढली की ती सहज हाती येते आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात खाली काळपट तपकिरी, सुवासिक गाठी तारेसारख्या बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची दांडी तुटली की त्या साखळीतल्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात आणि एका दांडीच्या जागी दोन-तीन उगवतात. म्हणून लहान जागा असेल तर दिसणाऱ्या शेवटच्या दांडीच्या पुढे वीतभर जाऊन, २०-२५ सेंटिमीटर खोलीपर्यंत माती उकरावी, ती चाळणीवर चाळावी आणि गाठी वेचून काढाव्यात. त्या खताच्या खड्ड्यात कदापि टाकू नयेत. चाळताना धागे हाताला लागतील तिकडे त्यांच्या मागावर जावे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि एकदा करून ते संपत नाही. पुढचे काही महिने नवा कोंब चार-पाच पानांचा होण्याआधी काढत राहिले, तर गाठींमधला साठा हळूहळू संपतो. वर प्लॅस्टिक अंथरूनही फारसा उपयोग होत नाही, कारण लव्हाळ्याचा टोकदार कोंब पातळ प्लॅस्टिक भोसकून वर येतो. जागा मोठी असेल तर लव्हाळ्यासाठीच्या निवडक तणनाशकाचा, उदाहरणार्थ हॅलोसल्फ्युरॉन मिथाइलचा, विचार करावा.

तणनाशकांबद्दल थोडे सांगणे भाग आहे. २,४-डी हे रुंद पानाच्या तणांवर चालते आणि बहुतेक हिरवळीच्या गवतांना सोडून देते, पण त्याचा फवारा वाऱ्याने उडून शेजारच्या फुलझाडांवर किंवा टोमॅटोवर गेला तर तीही वाकडीतिकडी होतात. ग्लायफोसेट हिरवे दिसेल ते सगळेच मारते. म्हणून ते फक्त पूर्ण तणाळलेल्या आणि नव्याने लावायच्या तुकड्यासाठी योग्य, आणि तेही तण हिरवे व वाढते असताना. उगवणपूर्व तणनाशक मात्र दुरुस्तीच्या काळात पूर्णपणे टाळावे. ते तणाच्या बीला जसे रोखते तसेच गवताच्या बीलाही रोखते, आणि त्याचा परिणाम अनेकदा दोन ते चार महिने टिकतो. आधीच्या हंगामात ते वापरले असेल तर डब्यावर सांगितलेला काळ उलटल्याशिवाय बी टाकणे व्यर्थ आहे. कोणते औषध कोणत्या गवतावर चालते, किती मापाने घ्यायचे आणि ते तिथे वापरायला परवानगी आहे का, हे डब्यावरच्या सूचनापत्रात पाहावे आणि तंतोतंत पाळावे. माझ्या मते चार-पाच चौरस मीटरपर्यंतच्या जागेला औषधाची गरज सहसा पडत नाही. खुरपे आणि चिकाटी पुरते.

हंगाम

गवतांचे ढोबळ दोन गट आहेत. हरळी आणि झॉयशिया ही उबदार हवेची गवते. त्यांची दुरुस्ती माती चांगली तापल्यावर, सुमारे १८-२० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर करावी, म्हणजे पुढे वाढीचा पूर्ण हंगाम मिळतो. राय, फेस्क्यू आणि ब्लूग्रास ही थंड हवेची गवते. त्यांना उन्हाळा सरल्यावरचे दिवस सर्वांत मानवतात, कारण माती अजून उबदार असते, हवा निवलेली असते आणि उन्हाळी तणांचा जोर ओसरलेला असतो. मुसळधार पावसाच्या ऐन दिवसांत बी टाकू नये. ते वाहून सखल भागात गोळा होते.

माती तयार करणे

मेलेले गवत आणि त्याचा वाळका थर दाताळ्याने ओढून काढावा, म्हणजे खालची माती दिसेल. हा थर सव्वा सेंटिमीटरहून जाड असेल, तर त्यावर टाकलेले बी मातीला टेकतच नाही. अधांतरी रुजते आणि पहिल्या कडक उन्हात वाळते.

त्यानंतर तुकड्याची कड चांगल्या गवतात वीतभर आत जाऊन साफ कापून घ्यावी. कडेचे गवत बऱ्याचदा वरून हिरवे आणि खालून अर्धमेले असते, आणि ते तसेच ठेवले तर दुरुस्तीभोवती पिवळे कडे राहते. मग १० ते १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत माती मोकळी करावी, दगड-विटा काढाव्यात आणि दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा पूर्ण कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा थर तिच्यात मिसळावा. ‘पूर्ण कुजलेला’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण कच्च्या शेणखतातून तणाचे जिवंत बी येते आणि आधीची सगळी खुरपणी वाया जाते. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मानू नये. कमी प्रमाणातल्या वाळूने चिकण माती मोकळी होण्याऐवजी आणखी घट्ट बसते. तिला सेंद्रिय खतच मोकळे करते. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असला म्हणजे बहुतेक गवतांना चालतो. वर्षानुवर्षे हिरवळ नीट येतच नसेल तर माती तपासून घ्यावी, आणि चुना वा गंधक त्या अहवालाशिवाय घालू नये.

माती सपाट करून पायाने हलकेच तुडवावी. बुटाचा ठसा एक सेंटिमीटरहून खोल उमटला तर ती अजून फार भुसभुशीत आहे आणि नंतर खाली बसून खळगा होईल. तयार जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच ठेवावी. पाण्याने ती बरोबरीला येते.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी या टप्प्यावर बी न टाकता थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. माती हलवली की खाली दडलेले तणाचे बी वर येते. तयार जागेला दोन-तीन आठवडे नुसते पाणी द्यावे, उगवेल ते तण उगवू द्यावे, आणि मग खुरप्याने माती खोल न हलवता वरच्या वर खरवडून काढावे. एवढ्याने पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

बी टाकावे की लावण करावी

हरळीच्या हिरवळीत तळहाताएवढी उघडी जागा असेल, तर कारण दूर करून माती मोकळी केली की पुरते. भोवतीचे गवत आपली धावती खोडे टाकून ती स्वतःच भरून काढते. फेस्क्यू किंवा रायसारखे झुपक्याने वाढणारे गवत मात्र आपण होऊन जागा भरत नाही. तिथे बी हवेच.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जे गवत आहे तेच टाकावे. ‘लॉनचे बी’ एवढेच लिहिलेल्या पिशवीतून वेगळ्या पोताचे आणि वेगळ्या हिरवेपणाचे गवत उगवले, तर ठिगळ कायमचे दिसत राहते. आपले गवत कोणते हे ठरत नसेल, किंवा ते संकरित हरळीच्या जातीचे असेल, तर बी शोधत बसू नये. अशा अनेक संकरित जाती वंध्य असतात आणि त्यांना रुजणारे बी धरतच नाही. त्यांची लावणच करावी लागते. त्यासाठी हिरवळीच्या कडेबाहेर गेलेली धावती खोडे काढून घ्यावीत, प्रत्येकी दोन-तीन पेरी येतील असे पाच ते आठ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत, आणि ओल्या मातीत दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर तिरपे खोवावेत. किमान एक पेर मातीखाली आणि पाने वर राहिली पाहिजेत. तुकडे कापल्यापासून लावेपर्यंत ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत. उन्हात ठेवल्यास ते थोड्याच वेळात माना टाकतात. उबदार हंगामात अशी लावण साधारण सहा ते आठ आठवड्यांत जागा झाकते. पसरणाऱ्या गवतासाठी मी बियाण्यापेक्षा लावणच पसंत करतो, कारण रंग-पोत तंतोतंत जुळतो आणि नाजूक कोंबांचे पहिले दिवस टळतात.

बीच टाकायचे असेल तर मापून टाकावे. हरळीचे बी अतिशय बारीक असते आणि दर चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम पुरते; राय किंवा टॉल फेस्क्यूचे ३० ते ४० ग्रॅम लागते. जास्त टाकल्याने हिरवळ दाट होत नाही, कोंब एकमेकांशी झगडून बारीक राहतात आणि त्यांच्यात बुरशी शिरते. बारीक बी कोरड्या रेतीत मिसळून, निम्मे उभ्या आणि निम्मे आडव्या दिशेने फेकले तर सारखे पडते. मग दाताळ्याची पाठ हलक्या हाताने फिरवून ते जेमतेम अर्धा सेंटिमीटर मातीखाली जाईल असे करावे आणि फळीने दाबावे. बीचा मातीशी घट्ट संबंध येणे, हे इथले खरे काम. वर चाळलेल्या कंपोस्टचा किंवा तणविरहित पेंढ्याचा इतका पातळ थर द्यावा, की मधून माती दिसत राहील.

पाणी आणि पहिले दोन महिने

या टप्प्यावर सर्वांत जास्त दुरुस्त्या फसतात. रुजायला लागलेले बी एकदा जरी पूर्ण वाळले तरी मरते, त्यामुळे उगवण होईपर्यंत वरची एक-दोन सेंटिमीटर माती सतत ओलसर राहिली पाहिजे. त्यासाठी दिवसातून दोन-तीनदा, वारा-ऊन जास्त असेल तर चारदा, झारीच्या बारीक चाळणीतून थोडे थोडे पाणी द्यावे. पाण्याचा ओघळ वाहू लागला किंवा डबके साचले की ते जास्त झाले. राय पाच ते दहा दिवसांत, हरळी साधारण दहा दिवस ते तीन आठवड्यांत, तर ब्लूग्रास दोन ते चार आठवड्यांत उगवते. तेव्हा दहाव्या दिवशी माती कोरी दिसते म्हणून ब्लूग्रासची जागा पुन्हा उकरू नये. उगवण झाल्यावर पाण्याच्या पाळ्या हळूहळू कमी करून प्रत्येक पाळीचे पाणी वाढवावे, म्हणजे मुळे ओलीच्या मागे खाली जातात. स्थिरावलेल्या हिरवळीला पाऊस धरून आठवड्याला सुमारे अडीच सेंटिमीटर पाणी पुरते. स्प्रिंकलरच्या टप्प्यात सरळ कडांचा एखादा रिकामा डबा ठेवला, की किती पाणी पडले ते पट्टीने मोजता येते.

चार काठ्या रोवून सुतळी बांधावी आणि जागेवर पाय पडू देऊ नये. गवत ठरवलेल्या उंचीच्या एक-तृतीयांशाने वर गेले, की पहिली कापणी करावी. हरळी अडीच ते चार सेंटिमीटरवर, टॉल फेस्क्यू सहा ते आठ सेंटिमीटरवर ठेवावे आणि एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. यंत्राचे पाते धारदार आणि माती कोरडी हवी, नाही तर कोवळी रोपे कापली जाण्याऐवजी उपटली जातात. उगवणीनंतर चार ते सहा आठवड्यांनी नत्राचा हलका हप्ता द्यावा. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणून दर चौरस मीटरला ५ ग्रॅम युरिया म्हणजे सुमारे २.३ ग्रॅम नत्र झाले, आणि कोवळ्या गवताला तेवढे पुरेसे आहे. ते कोरड्या पानांवर पसरून लगेच पाणी द्यावे. नव्या गवतातले तण या काळात हाताने काढावे. तीन-चार कापण्या होईपर्यंत तणनाशक वापरू नये.

सहा आठवड्यांनंतरही मधे मधे विरळ राहिले, तर तेवढ्याच जागी पुन्हा बी टाकावे, सगळे उकरू नये. मात्र एक पूर्ण हंगाम नीट निगा राखूनही तीच जागा पुन्हा गेली, तर पहारीने हातभर खोल खणून खाली काय आहे ते पाहावे. खाली काहीच निघाले नाही आणि वर दाट झाडाची सावली असेल, तर ऊन येईल इतक्या फांद्या छाटाव्यात किंवा सावली सोसणारे बारीक पानांचे फेस्क्यू लावावे. हवामान त्यालाही मानवणारे नसेल, तर तेवढ्या भागात सावलीतली पसरणारी झाडे लावावीत किंवा लाकडाचा भुसा अंथरावा. आडवाटेची जागा असेल तर तिथे सरळ फरशीचे तुकडे पावलांच्या अंतराने बसवावेत. माणसांना वळसा घालायला लावण्यापेक्षा ते कितीतरी सोपे असते.